पगारे यांच्या दारातली सूचनावही

घर उभे राहायला विटा, वाळू, सिमेंट आणि पाणी लागते, असे इंजिनियर लोक सांगतात. ही यादी अपुरी आहे. विटावाळूने नुसत्या भिंती उभ्या राहतात; घर उभे राहते ते लोकांच्या मतांवर. निसर्गाने योजनाच अशी केली आहे की माणसाला स्वतःच्या घराविषयी फारसे मत नसते आणि दुसऱ्याच्या घराविषयी ते जन्मतःच असते. (स्वतःच्या गळक्या नळाखाली तीन वर्षे बादली ठेवणारा गृहस्थ शेजाऱ्याच्या नळाचा वायसर उंबऱ्यातूनच ओळखतो.) या योजनेमुळेच समाज टिकून आहे. नाहीतर एकमेकांकडे जायला दुसरे कारण काय होते?

सावळीराम पगारे यांना १९८२ साली इंदिरानगरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असा ब्लॉक मिळाला, तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते आणि मत एकही नव्हते. ते एका सरकारी कचेरीच्या ग्रंथालयात कारकून होते. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. ती वाचकांनी कधी मनावर घेतली नाही. पगाऱ्यांनी मात्र घेतली, ती घरी आल्यावरही. भद्रकालीतल्या एका खोलीत त्यांनी सव्वीस वर्षे काढली. खोलीला खिडकी नव्हती. सामानाला ठरलेली अशी एकच जागा होती, त्यामुळे सामान सुखी होते.

नव्या जागेत येऊन आठ दिवस होतात न होतात तोच त्यांच्या पत्नी यशोदाबाई यांना लेकीच्या बाळंतपणासाठी मनमाडला जावे लागले. मुक्काम सव्वा महिन्याचा. पगारे त्यांना सीबीएसच्या एसटी स्टँडवर पोचवायला गेले.

“हे बघा, दोनच गोष्टी सांगते,” यशोदाबाई एसटीच्या खिडकीतून म्हणाल्या. “स्वयंपाकघरातल्या खिडकीपुढं काही म्हणजे काही ठेवू नका. तिथं मी पाट टाकून बसणार. सव्वीस वर्षं बल्बाखाली भाजी निवडलीय. आता उजेडात निवडणार.”

“बरं.”

“आणि मी येईन त्या दिवशी मला आयतं ताट पाहिजे. तुमच्या हातचं. काहीही करा, पण मी बसलेली आणि तुम्ही वाढलेलं.”

“बरं.”

“नुसतं बरं म्हणू नका. तुम्ही सगळ्यांनाच बरं म्हणता.”

“बरं,” पगारे म्हणाले, आणि एसटी सुटली.

नवे घर बघायला येणे हा आपल्याकडे संस्कार आहे. त्याचा विधी ठरलेला असतो. पाहुणा चहा घेतो, संडासापासून गॅलरीपर्यंत सगळे उघडून बघतो, भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करतो, ‘हं’ म्हणतो, आणि निघताना किमान एक मत देतो. मत न देता निघून जाणे अपशकुनाचे नसले तरी अपमानाचे समजतात. यशोदाबाई गेल्यावर पहिल्या चार दिवसांत सतरा जण येऊन गेले. प्रत्येकाला ‘बरं’ म्हणता म्हणता पगारे दमले. पाचव्या दिवशी त्यांनी आयुष्यातला एकमेव धाडसी निर्णय घेतला. दोनशे पानी वही आणली, तिच्यावर ‘सूचनावही’ असे सुवाच्य लिहिले, दोरीने पेन्सिल बांधली आणि दाराशेजारी खिळ्याला अडकवली.

त्यांच्या ग्रंथालयात अशी वही होती. बावीस वर्षांत तिच्यात तीन सूचना आल्या होत्या. पहिली, पंखा बसवावा. दुसरी, पंखा बसवावा. तिसरी, पंख्याचा आवाज होतो. तेव्हा वही लावली की लोक गप्प बसतात, असा पगाऱ्यांचा अनुभव होता. हा अनुभव सरकारी होता, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. कचेरीत सूचना दिली की काही होत नाही हे लोकांना माहीत असते. इथे मात्र काहीतरी होत होते. कारण वहीच्या पहिल्या पानावर पगाऱ्यांनी, सवयीने, कचेरीतला नियमही उतरवून ठेवला होता: ‘प्रत्येक सूचनेवर सात दिवसांच्या आत कार्यवाही करून तसा शेरा मारावा.’ शेरे दोनच होते. ‘कार्यवाही चालू’ आणि ‘कार्यवाही केली’.

नमुन्यादाखल काही नोंदी अशा:

क्र. ३. बैठकीत दिवाण आडवा आहे, तो उभा टाकावा. (कार्यवाही केली.)

क्र. ९. दिवाण उभा आहे, हे बरे दिसत नाही. (कार्यवाही केली.)

क्र. १४. शोकेस करावी. शोकेसशिवाय घर म्हणजे पायऱ्यांशिवाय घाट. (कार्यवाही केली. शोकेसमध्ये ठेवण्यास वस्तू नसल्याने तूर्त शब्दकोश ठेवले आहेत.)

क्र. १५. शोकेसमध्ये पुस्तके ठेवू नयेत. पाहुण्यांना उगीच दडपण येते.

क्र. २७. गॅसचा नंबर लागेपर्यंत स्टोव्ह गॅलरीत ठेवावा. घरात रॉकेलचा वास येतो. (कार्यवाही केली. वाऱ्याने स्टोव्ह विझतो. वास गेला.)

दारासमोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी होत्या. त्यांच्याविषयी मात्र एकही सूचना आली नाही. त्या लावताना हातोडी यशोदाबाईंच्या हातात होती, हे सोसायटीने पाहिले होते.

सगळ्यांत जास्त मते लोखंडी कपाटाला मिळाली. कपाट जुन्या खोलीतलेच, त्यात कपडे थोडे आणि पुस्तके फार. सव्वीस वर्षे हे कपाट एका जागी उभे होते. इंदिरानगरात आल्यावर पंचवीस दिवसांत ते अकरा वेळा हलले. दारामागे ठेवले तर दार उघडत नाही, दारापुढे ठेवले तर चोरांना सोयीचे, दक्षिणेला नको, उत्तरेला ओल, मधोमध ठेवावे म्हणजे दोन खोल्यांच्या तीन होतात. (ही शेवटची सूचना अमलात होती ते दोन दिवस पगारे घरात आहेत की नाहीत हे बाहेरून कळत नव्हते.) ते हलवायला पगारे आणि हबीबभाई असे दोघे असत. हबीबभाई म्हणजे सोसायटीच्या दारेखिडक्या बसवणारे सुतार. सगळ्या वहीत त्यांचे एक अक्षर नव्हते.

“तुम्हीही काहीतरी लिहा ना, हबीबभाई,” पगारे संकोचाने म्हणाले.

“मी मत नाय देत, साहेब. मी माप देतो. मत चुकलं तर कोण विचारत नाय. माप चुकलं तर दार लागत नाय.”

स्वयंपाकाचे शिक्षणही याच पद्धतीने चालू होते. पगाऱ्यांनी पिठल्याची निवड केली होती, कारण ग्रंथालयातल्या पाककृतींच्या पुस्तकात त्याची कृती सर्वांत लहान होती. सहा ओळी. त्यांत ‘मीठ चवीपुरते’ असे लिहिले होते. कोणाच्या, ते नव्हते. म्हणून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या लंकाबाईंना विचारले. लंकाबाईंच्या हाताला चव होती, आणि हे त्या स्वतःच सांगत असल्यामुळे शंकेला जागा नव्हती.

“पीठ अंदाजानं घ्यायचं, भाऊ.”

“अंदाज म्हणजे किती?”

“अहो, अंदाज म्हणजे अंदाज. हाताला कळतं.”

पगाऱ्यांनी आपल्या हाताकडे पाहिले. त्याला काही कळल्याचे दिसत नव्हते.

“आणि पीठ वरून भुरभुरायचं. पाण्यात कालवायचं नाही. कालवतात ते आळशी.”

लंकाबाईंनी हे क्रमांक ४१ वर लिहिले. क्रमांक ४२ वर तळमजल्यावरच्या कुसाबाईंनी लिहिले की पीठ आधी कालवूनच घ्यावे, भुरभुरतात त्यांना घाई असते. क्रमांक ४३ वर अनामिक हस्ताक्षरात, ‘वरील दोन्ही चूक’. पगाऱ्यांनी कोणालाच दुखवले नाही. अर्धे पीठ भुरभुरले, अर्धे कालवले आणि क्रमांक ४३ च्या समाधानासाठी थोडे कोरडेच भाजले. तयार झालेला पदार्थ त्यांनी हबीबभाईंना दिला. हबीबभाईंनी तो आधी पटाशीवाल्या माणसाच्या नजरेने पाहिला, मग खाल्ला.

“चव बरी हाय, साहेब. फक्त आज चौकटीच्या फटी बुजवायच्या होत्या, त्यातलं थोडं राखून ठेवायला पाहिजे होतं.”

असे सत्तावीस दिवस पिठले झाले. गाठी कमी होत गेल्या. म्हणजे संख्येने, आकाराने नाही.

मग क्रमांक ५८ आला. तो सोसायटीचे सेक्रेटरी कोंडाजी बोरस्ते यांचा. बोरस्त्यांचा निफाडला द्राक्षाचा मळा होता आणि जगातली प्रत्येक गोष्ट ते वेलीवरून ओळखत. ते स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभे राहिले, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले,

“पगारे, हे पश्चिमेचं ऊन लय वंगाळ. आमच्याकडं घड करपत्यात. वहिनी इथं बसल्या तर दोन उन्हाळ्यांत वाळून जातील. ते कपाट आणा अन् खिडकीला लावा. एका दगडात दोन कामं.”

त्यांनी लिहिले. सही केली. सेक्रेटरीचा शिक्काही मारला.

पगारे वहीसमोर अर्धा तास बसले. ‘नाही’ असे लिहावे, असे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटले. त्यांनी पेन्सिलीला टोक काढले. परंतु नियमात तसा शेराच नव्हता. शिवाय आपल्याला वाटते ते बरोबरच असेल, याची त्यांना खात्री नव्हती, बोरस्त्यांना होती. त्यांनी ‘कार्यवाही चालू’ असे लिहिले आणि दिवस मोजत राहिले. यशोदाबाई आठव्या दिवशी येणार होत्या. मुदत सातव्या दिवशी संपत होती.

सातव्या दिवशी हबीबभाईंनी टेप लावला. “कपाट साडेछत्तीस इंच. खिडकी छत्तीस. लावलं तर सगळी झाकली जाईल. पुढं मालक तुम्ही.”

‘मालक’ हा शब्द ऐकून पगाऱ्यांनी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. कपाट लागले. स्वयंपाकघरात बल्ब लावावा लागला.

आठव्या दिवशी सकाळी पगाऱ्यांनी भात टाकला, पिठले केले, कांदा चिरला, पाट पुसला. पाट कुठे मांडावा हे मात्र कळेना, म्हणून तो हातात घेऊन उभे राहिले. आपल्या सूचना प्रत्यक्षात कशा दिसतात हे वहिनींना दाखवायला सोसायटीतले चौदा जण आधीच येऊन बसले होते.

यशोदाबाई आल्या. पिशवी खाली न ठेवता थेट स्वयंपाकघरात गेल्या.

“खिडकी कुठंय?”

“कपाटामागं,” पगारे म्हणाले.

यशोदाबाईंनी बल्बाकडे पाहिले. मग बाहेर येऊन खिळ्यावरची वही काढली आणि उभ्याउभ्या पहिल्यापासून वाचली. चौदा जण आपापला क्रमांक येताना मान सावरून बसत होते.

“एकाहत्तर,” त्या म्हणाल्या. “यातली तुमची कुठली?”

पगाऱ्यांनी पाट या हातातून त्या हातात घेतला.

“मी इथं चौदा जणांची पाहुणी म्हणून आलेय का? घर तुमचंय ना? मग लिहा.”

पगाऱ्यांनी पाट काखेत धरला, पेन्सिल घेतली आणि लिहिले: ‘क्र. ७२. कपाट हलवून खिडकी मोकळी करावी. तिथे पाट मांडावा.’ अक्षर सुवाच्य आले नाही. सवयीने ते म्हणाले, “सात दिवसांत कार्यवाही...”

“आत्ता.”

तेव्हा पगारे चौदा जणांकडे वळले आणि ग्रंथालयाच्या नियमाबाहेरच्या आवाजात म्हणाले, “जरा हात लावता का?”

यानंतर जे घडले त्याची आकडेवारी उपलब्ध आहे. पाच जणांच्या कमरेत उसण भरलेली होती. चौघांचे दूध स्टोव्हवर होते. तिघांच्या नळाला पाणी यायची वेळ झाली होती. लंकाबाई जाता जाता पिठल्यात डोकावून “मी भुरभुरा म्हटलं होतं” एवढे सांगून गेल्या. बोरस्ते सर्वांत शेवटी उठले.

“उसण लय जुनी हाय, पगारे, नाहीतर एकट्यानं उचललं असतं. डावीकडनं धरा पण.” एवढे दारातून सांगून ते जिना उतरले.

उरले पगारे, यशोदाबाई आणि नुकतेच करवत घेऊन आलेले हबीबभाई. कपाटाला कोपरे चार आणि माणसे तीन. तिघांनी जोर लावला. कपाट अठरा इंच सरकले आणि मागचा डावा पाय फरशीच्या फटीत रुतून अडले. (हबीबभाईंनी मोजले.) बरोबर अर्धी खिडकी उघडी झाली आणि फरशीवर उजेडाची एक पट्टी पडली.

यशोदाबाईंनी त्या पट्टीत पाट टाकला आणि बसल्या. पगाऱ्यांनी ताट वाढले. ताट जरा तिरके झाले, पिठले मात्र जागच्या जागी राहिले. यशोदाबाईंनी घास घेतला. पगारे समोर उभे. मीठ, गाठी, तिखट, भात फडफडीत की चिकट, यांपैकी कशावर सुरुवात होते याची ते वाट पाहत होते. वहीत अजून पुष्कळ पाने कोरी होती.

यशोदाबाईंनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, अर्ध्या खिडकीतून बाहेर पाहिले आणि ताट पुढे सरकवले.

“वाढा अजून.”

पगाऱ्यांनी क्रमांक ७२ पुढे ‘कार्यवाही चालू’ असा शेरा मारला. तो आजही तसाच आहे, कारण उरलेली अर्धी खिडकी मोकळी करायला चौथा माणूस मिळालेला नाही. (आधी कपाटातली पुस्तके काढावीत, असे आपल्याला मघापासून सांगावेसे वाटत असेल. तो क्रमांक ६४. पुस्तके काढली होती. ती कुठे ठेवावीत याविषयी मग सात सूचना आल्या, म्हणून परत आत ठेवली.) पिठल्यात गाठी का होतात, हेही आपल्याला ठाऊक आहे, यात शंका नाही.

तरी आपण अवश्य यावे. मागचा डावा कोपरा आपल्यासाठी मोकळा ठेवला आहे. उसण भरलेली असल्यास वही दारातच आहे. पेन्सिलीला टोक काढून ठेवले आहे.