चौगुले ओळख देत नाहीत

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली, कारण तिच्यात विक्षिप्त चौगुले आहेत आणि गाढव मी.

चौगुले रस्त्यात कुणालाही ओळख देत नसत. कोल्हापुरात हे चालत नाही. इथं माणूस चौकाच्या पलीकडून "काय पावणं!" म्हणून ओरडतो. चौगुले मात्र ओळखीच्या माणसाकडं विजेच्या खांबाकडं बघावं तसं बघत पुढं जायचे. बरं, नोकरी काय? आमच्या ट्रस्टच्या व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक! समाजकार्याची रीतसर पदवी, आणि दरवर्षी नवा करार. मी तिथला मानद सचिव.

एकदा त्यांना वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली गाठलं. वर गॉगल लावलेले कुणी 'समाजसेवक' हात जोडून हसत होते.

"चौगुले, लोक म्हणतात तुम्हाला मस्ती आलीय."

"सायेब, ह्यो बी समाजाचं काम करतोय, मी बी. ह्याला गाव वळखतं. मी गावाला वळखत न्हाय. कामं येगळी हायत की!"

जास्त खोदलं तर "आमची वळख खोलीत," एवढं म्हणायचे आणि चालू पडायचे.

पुढच्या कराराची वेळ आली, तेव्हा मी बैठकीत उठलो. "जो माणसांशी बोलत नाही, तो कसली समाजसेवा करणार? आणि सेवेला पदवी कशाला? कळकळ पाहिजे!" टाळ्या पडल्या, चौगुल्यांची नोकरी गेली. त्यांच्या खुर्चीत कळकळ घेऊन मी स्वतः बसलो. बिनपगारी.

थोड्याच दिवसांत दूध डेअरीवर केंद्रातला एक पेशंट दिसला. शेजारी त्याचे होणारे व्याही. मी लांबूनच गरजलो, "शाब्बास पठ्ठ्या! महिनाभर थेंब न्हाय घेतला न्हवं?"

व्याह्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं हातातल्या किटलीकडं. तो परत केंद्रात आला नाही. त्याच्या पोरीचं ठरलेलं लग्नही मोडल्याचं कानावर आलं. आणि चौगुले रस्त्यात का ओळखत नसत, हे इतक्या उशिरा माझ्या डोक्यात शिरलं.

माफी मागायचा धीर होत नव्हता. मग कळलं, चौगुल्यांची आई गेली. ते तेव्हा एका खताच्या दुकानात कामाला होते. रक्षाविसर्जनाला मी पंचगंगेवर गेलो. नातेवाईक मोजकेच. पण घाटभर माणसं विखरून उभी होती, एकेकटी, आपापल्या कामाला आल्यासारखी. एकजण तर धुतलेलीच मोटारसायकल पुन्हा धूत होता. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. चौगुल्यांनीही मान वर केली नाही. सगळं आटोपल्यावर मात्र त्यांनी नदीकडं तोंड करून हात जोडले, ते बराच वेळ सोडलेच नाहीत.

घरून घोकून आणलेलं वाक्य घेऊन मी पायऱ्या उतरलो. मधल्या पायरीवर डेअरीतला तो पेशंट उभा होता. मला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. चौगुल्यांकडं जायला वाट त्याच्या अंगावरूनच होती. मी नजर फिरवली आणि आल्या पावली वर चढलो.

चौगुल्यांच्या घरी जाऊन निवांत माफी मागू, असं तेव्हा ठरवलं होतं. अजून गेलेलो नाही.