गोगलगायीचा चष्मा

ऑफिसात प्रशिक्षणाचा कार्टून व्हिडिओ करायचा ठरलं, तेव्हा यशवंतराव देवतळे यांनी ते काम स्वतःहून मागून घेतलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःहून मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली म्हणजे खिडकीजवळचं टेबल.

मागण्याचं कारण होतं जशपूर. घरापासून रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या तिथल्या शाखेला एक अनुभवी माणूस हवा होता आणि यशवंतरावांच्या बदलीची फाइल होळीपासून चंद्राकर साहेबांच्या टेबलावर पडून होती. सही झाली की बिस्तरा गुंडाळायचा. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं राहिलेली, आणि यशवंतरावांना गॅस पेटवण्यापलीकडे स्वयंपाकातलं काही येत नव्हतं. त्यातही लायटर लागायचा. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाईंनी तर सांगूनच टाकलं होतं, "जशपूरले तुम्ही एकटे जा. मी चौबे कॉलोनीतून हलून नाही राहिली."

साहेब मात्र म्हणाले होते, "वीडियो असरदार बना दीजिए देवतळे जी. मैं ऊपर लिख दूँगा कि आपकी यहीं जरूरत है." व्हिडिओचा विषय वरूनच ठरून आला होता : फाइल तीन दिवसांपेक्षा जास्त टेबलावर ठेवू नये. ज्या टेबलावर यशवंतरावांची फाइल सहा महिने पडली होती, त्याच टेबलावरून हा विषय खाली आला. यात काही विसंगती आहे असं ऑफिसात कोणाला वाटलं नाही.

यशवंतरावांचा पुतण्या नीलेश शहरातच तेलीबांध्याला एका स्टुडिओत कार्टून करायचा. त्याला मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून हिंदीच निघायची. त्याला घरी बोलावून यशवंतराव त्याच्यासमोर कागद घेऊन बसले.

"आधी दीपप्रज्वलन दाखव. मंग साहेबांचा संदेश. मंग नियमावली, सगळी. मंग आभार."

"काका, इतने में तो लोग सो जाएँगे. एक वीडियो में एक ही बात. और एक ऐसा कैरेक्टर चाहिए जिसे देखते ही सब पहचान लें. आपके ऑफिस में फाइल कौन दबाता है?"

यशवंतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. घरात चौथं कोणी नव्हतं. तरी उत्तर दिलं प्रेमलाबाईंनीच. "अजून कोण? गोगलगाय."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. शहराबाहेरच्या नव्या राजधानीतल्या त्या ऑफिसात यशवंतरावांचं टेबल मोठ्या हॉलमध्ये होतं, साहेबांच्या दारापासून चार पावलांवर. गेली तेरा वर्षं रोज जेवणाच्या सुट्टीत प्रेमलाबाईंचा फोन यायचा आणि यशवंतराव त्यांना ऑफिसची बित्तंबातमी मराठीत द्यायचे. साहेबांचं नाव गोगलगाय. तिकडे नेटवर्क यथातथाच, म्हणून आवाज चढा. ऑफिसात दुसरा मराठी माणूस नव्हता, तेव्हा भिंतीला कान असले तरी ते हिंदीच असणार, अशी त्यांची खात्री होती. ही खात्री त्यांनी कधी कोणाला विचारून पडताळली नाही. विचारणार तरी कोणत्या भाषेत?

तर नीलेशने गोगलगाय काढली. टेबलावर चढलेली, पाठीवर शंखाऐवजी फायलींचा गठ्ठा. प्रेमलाबाईंनी पाहिली आणि म्हणाल्या, "चष्मा राहिला नं. दोरीने गळ्यात बांधलेला. हेच तं सांगत होते फोनवर." नीलेशने चष्मा घातला. गोगलगाय एकदम अनुभवी दिसू लागली.

हिंदी आवाज द्यायला नीलेशने एक निवेदक ठरवला होता. तो येईपर्यंत चित्रांचा वेग जमवायला कामचलाऊ आवाज हवा होता. प्रेमलाबाई आधी हिंदीत बोलल्या, पण ते स्टेशनवर गाडी उशिरा येत असल्याच्या घोषणेसारखं वाटलं. नीलेश म्हणाला, "काकी, घर में जैसे बोलते हो, वैसे बोलो."

हे त्याने सांगायला नको होतं. प्रेमलाबाई तेरा वर्षांचं ऐकलेलं सगळं एका दमात बोलल्या. हसून हसून यशवंतरावांना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "राहू दे, राहू दे. हिंदी आवाज आला का पुसूनच टाकायचं आहे. आन् आमच्या तिथं मराठी समजते कोणाले?"

ज्या दिवशी व्हिडिओ दाखवायचा, त्याच्या आदल्या दिवशी निवेदक भिलाईला एका लग्नात सूत्रसंचालन करायला गेला आणि तिथे वरातीत ओरडून घसा बसवून आला. यशवंतरावांनी साहेबांना विनंती केली, "सर, एक हफ्ता और दे दीजिए."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तीन दिन वाला वीडियो और एक हफ्ता लेट? जो है, वही दिखाइए."

"आवाज मराठी में है, सर."

"तो आप साथ-साथ हिंदी में बताते जाइए."

यशवंतरावांना ही कल्पना फारच आवडली. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण इथे दैवाने दिलेलं त्यांनी घट्ट धरून ठेवायचं ठरवलं. मराठी कोणाला कळणार नाही, हिंदी आपल्या हातात. ते पडद्याशेजारी हात बांधून उभे राहिले. हॉल गच्च भरला. पुढच्या खुर्चीत साहेब, मागे टायपिस्ट सरला दीदी, दाराशी गुढ़ियारी मोहल्ल्यातून येणारा शिपाई बिसाहू. दिवे मालवले.

पडद्यावर गोगलगाय टेबलावर चढू लागली. प्रेमलाबाईंचा आवाज घुमला, "हे पाहा आमची गोगलगाय. अकरा वाजता टेबलावर चढते, आन् एक वाजेपर्यंत नुसता चष्मा पुसून राह्यते."

यशवंतराव अदबीने म्हणाले, "ये एक वरिष्ठ अधिकारी हैं. पूरी तैयारी के साथ काम शुरू करते हैं."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. यशवंतरावांना बरं वाटलं. चित्र आवडलेलं दिसतंय.

"फाइल उघडते, वास घेते, बंद करते. मले तं वाटते फायलीत भजे शोधून राहिली."

"हर फाइल का गहन अध्ययन करते हैं."

आता बरेच जण हसले. सरला दीदींनी तोंडाला पदर लावला होता. यशवंतरावांना आपल्या हिंदीत काही चुकलं का, अशी शंका आली. म्हणून पुढचं वाक्य त्यांनी जास्तच शुद्ध केलं.

"मंग त्याच फायलीवर डबा ठेवून जेवते. कढीचा डाग पडला का म्हणते, झाली सही."

"भोजन के समय भी फाइल को स्वयं से दूर नहीं होने देते."

हॉलमध्ये असा काही हशा उसळला की बाहेरचा सुरक्षारक्षक डोकावून गेला. फक्त चंद्राकर साहेब हसले नाहीत. ते हाताची घडी घालून पडद्याकडे पाहत होते. शेवटी पडून राहिलेल्या फाइलला मूळ फुटलं, दोडक्याचा वेल निघाला आणि वेलाने गोगलगायीला चष्म्यासकट खुर्चीला बांधून टाकलं. प्रेमलाबाई म्हणाल्या, "तीन दिवसांच्या वर ठेवसान तं असं होईन." व्हिडिओ संपला. दिवे लागले.

साहेबांनी खुर्ची मागे वळवली. "सबको समझ में आया?"

"हव साहब!" हॉल एका आवाजात म्हणाला.

"क्या समझे?"

"फाइल तीन दिन से ज्यादा नहीं रखना," सरला दीदी उभ्या राहून म्हणाल्या. "और कढ़ी का दाग सही नहीं माना जाएगा."

यशवंतराव कौतुकाने मान डोलावणार होते. मान अर्ध्यावर थांबली. आपण कढीचं नावच घेतलं नव्हतं.

"दीदी, तुमको मराठी आती है?"

"मेरी जेठानी अमरावती की है, भैया. सत्रह साल से एक ही रसोई है."

यशवंतरावांनी दाराकडे पाहिलं. बिसाहू लाजून म्हणाला, "गुढ़ियारी में हमर पारा आधा मराठी हे, साहब. बोले बर नइ आवय. समझ सब जाथन." बोलता येत नव्हतं, पण समजत सगळं होतं.

यशवंतरावांच्या डोळ्यांपुढून तेरा वर्षांचे फोन सरकू लागले. सरला दीदींच्या उपासाबद्दल आपण काय म्हणालो होतो. बिसाहूच्या चहाची तुलना कशाशी केली होती. सगळं याच हॉलमध्ये आणि नेटवर्क नसल्यामुळे मोठ्याने. त्यांना खरोखर भीती वाटली. इतक्यात साहेब उठले आणि म्हणाले, "देवतळे जी, अंदर आइए."

केबिनमध्ये साहेबांनी दार लावलं. खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "यशवंतराव, गोगलगायीले चष्मा काहून लावला?"

यशवंतरावांनी टेबलाची कड धरली.

"माही माय गोंदियाची आहे," साहेब म्हणाले. "शाळा राजनांदगावात झाली, पण उन्हाळे सगळे गोंदियात गेले."

"साहेब, मंग तुम्ही... कधी बोलले नाही?"

"बोललो असतो तं तुम्ही बोलणं बंद केलं असतं. कोण उशिरा आलं, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणता बिल अडकला, मले कसं समजलं असतं? तुमचा फोन आला का मी दार उघडं ठेवून जेवत होतो."

यशवंतरावांना आठवलं, ते दार रोज जेवणाच्या सुट्टीत उघडं असायचं. हवा येण्यासाठी असेल, असं ते समजत होते.

साहेबांनी गठ्ठ्याखालून एक फाइल ओढली. तिच्यावर पिवळा डाग होता. "आता हे तुमची जशपूरची फाइल. व्हिडिओ लई असरदार झाला. माह्यावर तं फारच असर झाला. वहिनींनी साफ सांगितलं, तीन दिवसांच्या वर ठेवायची नाही. हिला सहा महिने झाले." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "करू सही?"

ज्या व्हिडिओवर इतकी मेहनत घेतली, तो इतका परिणामकारक व्हायची काही गरज नव्हती. यशवंतरावांना जशपूरची खोली दिसली, लायटर दिसला, एकट्याने खाल्लेले पोहे दिसले. तेरा वर्षांत पहिल्यांदा ते साहेबांशी मराठीत बोलले.

"साहेब, सगळ्या फायली सारख्या नसतात. काही फायलींचा विचार करावा लागते. सावकाश. घाईत सही केली का माणसाचं वाटोळं होते."

"मंग गोगलगाय वाईट नाही म्हणता?"

"नाही साहेब. लई जबाबदार प्राणी आहे."

साहेबांनी टोपण लावलं. फाइल पुन्हा गठ्ठ्याखाली सरकवली आणि वर जेवणाचा डबा ठेवला. "जा मंग. आन् वहिनींचा फोन बंद नका होऊ देऊ."

यशवंतराव टेबलाशी येऊन बसले. सुट्टीची वेळ झाली होती. फोन वाजला, तसा हॉलमधला टायपिंगचा आवाज थांबला. सरला दीदींनी डब्याचं झाकण अलगद उघडलं. बिसाहू चहाची किटली घेऊन होता तिथेच उभा राहिला. साहेबांचं दार उघडं झालं.

पलीकडून प्रेमलाबाई म्हणाल्या, "कसा झाला व्हिडिओ? काय करून राहिली तुमची गोगलगाय?"

यशवंतरावांनी दाराकडे पाहिलं. मग नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाले, "काम करून राहिले साहेब. जेवतानाही फाइल सोडत नाही. आन् ऐक, बिसाहूचा चहा आज फार छान झाला."