झालीच नाही ती फेरी

लोकशाहीत जनतेपासून काहीही लपवायचं नसतं. जनता जाणार नाही अशा जागी उघडं ठेवलं की पुरतं. याच थोर विचाराने भंडाऱ्यातल्या एका कार्यालयाने उमेदवारांचा प्रचारखर्च इंटरनेटवर टाकला. जिल्ह्याचे दोन तुकडे झाल्यापासून निम्माच जिल्हा उरला होता, त्यामुळे काम दुप्पट नेटाने झालं. कागद आडवे स्कॅन केले (मान वळवल्याने नागरिकाला व्यायाम होतो). काही पानांवर चहाच्या कपाची गोल खूण होती. पारदर्शकता म्हणून तीही ठेवली.

आंधळगावच्या जागेश्वरला या खर्चाशी देणंघेणं नव्हतं. तो हातमागावर कोशाचं रेशमी कापड विणणारा माणूस. निवडणुकीत त्याची बायको देवकाबाई गावातल्या बायांसोबत एका उमेदवाराच्या फेरीत चालली होती, आणि खर्च मोजता यावा म्हणून सरकारी कॅमेरावाल्याने फेरीचं चित्रण केलं होतं. दिवाळीआधी देवकाबाई काविळीने गेली. भिंतीवर आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो होता. त्यात ती परक्या बाईसारखी दिसे. जागेश्वरला तिला एकदा चालताना बघायचं होतं. एवढंच.

फेरीत मिळालेला तिचा प्रचाराचा दुपट्टा पिशवीत घालून तो भंडाऱ्याला गेला. खर्चाच्या टेबलावर कुंदन नावाचा बाबू होता. त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"बाबाजी, आंधळगावात फेरी झालीच नाही."

"कशी नाही? माही घरवाली होती तिच्यात."

"उमेदवारानं खर्च दाखवला नाही. खर्च नाही तं फेरी नाही. फेरी नाही तं चित्रण कायचं?"

"मंग हा दुपट्टा?"

कुंदनने तोंड फिरवलं. "ठेवा तो पिशवीत. मले दिसला तं नोंद घ्या लागन."

म्हणजे कागदाप्रमाणे देवकाबाई त्या दिवशी घरीच होती. जागेश्वरला आठवत होतं, त्या दिवशी त्याने एकट्याने थंड भात खाल्ला होता. पण भाताची नोंद कुठे नव्हती.

गावात मंजुषाचं ऑनलाइन कामांचं दुकान होतं. तिने खर्चाचं पान उघडलं आणि ओरडली, "काका, देवकाकाकू!"

झालं असं होतं, की पानावर काहीतरी हलतं असावं असं कार्यालयाच्या साहेबांना वाटलं, आणि कपाटात हलणारी एकच गोष्ट होती, या फेरीचं चित्रण. प्रचार म्हणून फेरी झाली नव्हती. पण खाली 'जागरूक महिलांची उत्स्फूर्त फेरी' असं लिहिल्यावर ती झाली. देवकाबाई दुपट्टा कमरेला खोचून चालत होती. शेजारणीच्या कानात काही सांगून हसत होती.

"काय सांगून राहिली असन वं?"

"मले का माहीत, काका? आवाज काढून टाकला त्याहीनं." (आवाजात उमेदवाराचं नाव होतं.)

तेव्हापासून माग बंद केला की जागेश्वर दुकानात येऊन बसे. मंजुषा पान उघडून देई. पैसे घेत नसे. खाली खर्चाचे आडवे कागद होते, तिथवर तो कधी गेला नाही.

इकडे कार्यालयाने अहवाल दिला, की प्रचारखर्च तपासण्यात आंधळगाव जिल्ह्यात पहिलं आहे. नागरिक तेच पान पुन्हा पुन्हा बघतात, इतका त्यांचा अभ्यास बारीक आहे. नागपुरात साहेबांचा सत्कार झाला. सत्काराचा फोटो ठेवायला पानावर जागा हवी होती, म्हणून फेरी काढून टाकली.

"कोठी गेली वं?" संध्याकाळी जागेश्वरने विचारलं.

"तिथं आता साहेब आहेत, काका. शाल घेऊन राहिले."

जागेश्वरने वाकून पाहिलं. शाल कोशाची होती. विणीवरून आंधळगावचीच. तो उठला आणि घरी गेला.

पानाकडे कोणी फिरकेना, तेव्हा कारणं शोधायला समिती नेमली. समितीचा निष्कर्ष असा, की जनतेला सगळा खर्च पटलेला आहे. त्यावर हरकत घ्यायला महिन्याची मुदत होती, आणि तशी सूचना रीतसर त्याच पानावर लावली होती.

तुमची हरकत आलेली नाही.