सिनेमा चहाला आला तेव्हा

शुक्रवारी लागणारा नवा विनोदी सिनेमा बुधवारी सकाळी सुरवश्यांच्या घरी आला आणि चपला आत काढू की बाहेर, असं त्यानं विचारलं.

"बाहेरच काढा," इंदुमतीबाई म्हणाल्या. "इथं कुणी नेत नाही."

बोरखेडात ही रीतच होती. गावात टॉकीज एकच. नवा सिनेमा लागायच्या आधी त्यानं घरोघर जाऊन भेटायचं, लोकांनी काय ते विचारून घ्यायचं आणि मग बघायला जायचं की नाही ते ठरवायचं, असा नगरपालिकेचा ठराव होता. ऐतिहासिक सिनेमा आला की गल्लीत वाहनं अडून राहत, कारण तो सैन्यासकट येई. भुताचे सिनेमे भर दुपारी येत. संध्याकाळी त्यांना कोणी दार उघडत नसे.

हा एकटाच आला होता. अंगात भडक पिवळा शर्ट, डोक्याला फेटा, आणि फेट्याचा शेमला सुटून खांद्यावर लोंबत होता. "घोडी एक, नवरदेव चार," असं त्यानं आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि लाजून खाली बघितलं.

"घोडी कुठाय?"

"ती भाड्याची होती, काकू. शूटिंग संपल्यावर गेली."

इंदुमतीबाई कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गल्लीतली निम्मी घरं त्यांचं मत काय पडतं त्यावर थांबलेली असत. उथळ सिनेमांना त्या उंबऱ्याच्या आत घेत नसत. पाणी मात्र द्यायच्या. ह्यालाही पाणी देऊन वाटेला लावायचं असं त्यांनी त्याचा शर्ट बघूनच ठरवलं होतं. पण तेवढ्यात मागच्या पडवीतून त्यांच्या यजमानांच्या, रत्नाकररावांच्या चपलांचा आवाज आला. अगदी हलका, पायाखाली काच असल्यासारखा. इंदुमतीबाई थांबल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

रत्नाकररावांचं चैत्रात हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. सगळं उत्तम झालं असं डॉक्टर म्हणाले होते. रत्नाकरराव मात्र तेव्हापासून छातीवर हात ठेवून चालत, दार लावताना ते वाजू नये म्हणून जपत आणि हसत अजिबात नसत. एरवी हे गृहस्थ हसायला लागले की शेजारच्या देशमान्यांचं मांजर पत्र्यावरून उडी मारायचं. आता काही गमतीचं कानावर आलं तर ते "हं, बरं आहे," म्हणत आणि घोटभर पाणी पीत. इंदुमतीबाईंनी एकदा विचारलंही होतं. तेव्हा ते म्हणाले, "आत सगळं नवीन जोडलंय गं, इंदू. उगाच कशाला हादरे द्यायचे?"

चहा आला. सिनेमानं बिस्किट बुडवलं, ते कपात तुटून पडलं, आणि ते काढता काढता दुसरंही पडलं. हे तो मुद्दाम करत नव्हता. त्याचा स्वभावच तसा होता.

"गोष्ट काय आहे?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"एका गावात एकाच मुहूर्तावर चार लग्नं असतात. घोडी एकच. चौघांनीही तिलाच सांगून ठेवलेलं."

"मग?"

"मग घोडी पळून जाते."

"मग?"

"सगळे तिच्या मागं पळतात." सिनेमानं जरा विचार केला. "मध्यंतरापर्यंत पळतात."

"आणि मध्यंतरानंतर?"

सिनेमानं कप बशीत फिरवला. "खरं सांगू का, काकू? मध्यंतरानंतर मी ढेपाळतो. मला तिघांनी मिळून लिहिलं. त्यातला एक अर्ध्यावर भांडून निघून गेला. विनोदी तोच होता."

इंदुमतीबाईंनी मान हलवली. खोटं बोलणारे सिनेमे त्यांनी खूप पाहिले होते. मागच्याच महिन्यात एक सिनेमा आपण फार खोल आहोत असं सांगून दोन वेळा पोहे मागून गेला होता.

"काही बोध वगैरे?"

"शेवटी हुंड्याविरुद्ध भाषण आहे. पण ते घोडी करते."

"घोडी बोलते?"

"फक्त तेवढ्यापुरती. आधी का बोलत नाही, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही."

एव्हाना रत्नाकरराव दारात येऊन उभे राहिले होते. सिनेमानं उठून नमस्कार केला. रत्नाकरराव त्याच्या पिवळ्या शर्टाकडे, सुटलेल्या शेमल्याकडे बघत राहिले. हॉटेलसमोरून जाताना पथ्यावरचा माणूस भज्यांच्या कढईकडे बघतो, तसे.

"घोडी कुठल्या रंगाची?" त्यांनी विचारलं.

"पांढरी, काका. पण ओळखू येऊ नये म्हणून एक नवरदेव तिला काळा रंग देतो. मग तो तिच्यावर बसतो, वरात निघते आणि पाऊस येतो. रंग सगळा त्याच्या सोवळ्या आत्याच्या अंगावर."

रत्नाकररावांचा वरचा ओठ थरथरला. त्यांनी घाईघाईनं छाती दाबून धरली. "हं," ते म्हणाले, "बरं आहे," आणि पाणी प्यायला आत गेले.

सिनेमाचं तोंड एवढंसं झालं. "नाही आवडलं काकांना."

"आवडलं," इंदुमतीबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, आणि आपण त्याला अरेतुरे करायला लागलो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "हे बघ बाळा, तुझ्यापासून लपवत नाही. त्यांचं ऑपरेशन झालंय. हसताना काही झालं तर?"

सिनेमा गंभीर झाला. असा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. "त्याची हमी मी देऊ शकत नाही, काकू. मागच्या गावात एक जण हसता हसता खुर्चीवरून पडला. उठला लगेच. पण तो तरणाताठा होता. डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात, खुशाल हसू द्या."

"मग?"

"ह्यांचा विश्वास नाही डॉक्टरवर."

"आणि तुमचा?"

इंदुमतीबाईंनी रिकामा कप उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला. चैत्रापासून जेवढे म्हणून विनोदी सिनेमे आले, ते सगळे त्यांनी दारातूनच घालवले होते. त्यातले एक-दोन बरे होते. देशमाने वहिनी काही गंमत सांगायला आल्या की ह्या त्यांना भिंतीपलीकडूनच थोपवत. हे सगळं आपण आपल्या उच्च अभिरुचीपायी करतो आहोत असं त्यांना आतापर्यंत वाटत होतं.

"सगळ्यात जास्त हसू कुठं येतं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"घोडी न्हाव्याच्या दुकानात शिरते तिथं."

"तिथं जरा सावकाश घेशील?"

"सावकाश घेतलं तर ते येतच नाही," सिनेमा अगदी कळवळून म्हणाला. "वेळेवरच यावं लागतं त्याला. पण असं करतो. त्याच्या आधी मी खोकतो. म्हणजे तुम्ही काकांना धरून बसाल."

एवढं ठरल्यावर इंदुमतीबाई उठल्या. "येतो आम्ही," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी, सहाच्या खेळाला." सिनेमा पाया पडायला वाकला तसा त्याचा फेटाच सुटला. इंदुमतीबाईंनी त्याला स्टुलावर बसवून तो नीट बांधून दिला आणि पुढच्या घरी काही खाऊ नकोस, पोट बिघडेल, असं बजावलं.

तो गल्लीच्या वळणापर्यंत जातो न जातो तोच देशमाने वहिनींनी भिंतीवरून डोकं काढलं. "काय ठरलं हो बाई?"

"जायचं."

"चांगला आहे?"

"छे! अगदीच वेडगळ आहे," इंदुमतीबाई म्हणाल्या. "पण गुणी आहे बिचारा."

शुक्रवारी टॉकीज भरलं. रत्नाकरराव कडेच्या खुर्चीत छातीवर हात ठेवून बसले, आणि इंदुमतीबाई पडद्याकडे अर्धं आणि नवऱ्याकडे अर्धं असं बघत राहिल्या. घोडी पळाली, नवरदेव पळाले. लोक हसत होते. रत्नाकरराव ओठ मिटून तग धरून होते. मग न्हाव्याचं दुकान आलं आणि सिनेमा दोनदा स्पष्ट खोकला. मशीन बिघडलं असं वाटून मागून कोणी शिट्टी मारली. इंदुमतीबाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

घोडी आत शिरली, खुर्चीपाशी उभी राहिली. न्हावी पेपर वाचत होता. त्यानं मान वर न करता तिच्या गळ्याभोवती फडकं गुंडाळलं आणि विचारलं, "मध्यम की बारीक?"

नवऱ्याला सांभाळण्याच्या नादात इंदुमतीबाई स्वतःला सांभाळायच्या राहून गेल्या होत्या. त्यांच्या तोंडून असा काही चीत्कार निघाला की पुढच्या तीन रांगा वळल्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला तर नाकातून आवाज यायला लागला. कन्याशाळेच्या त्यांच्या दोन माजी विद्यार्थिनी समोरच बसल्या होत्या, त्या आदरानं उभ्याच राहिल्या.

रत्नाकररावांनी घोडीकडे पाहिलंच नाही. ते बायकोकडे बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या नाकातून असा आवाज निघतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग घशातून तो जुना गडगडाट सुटला. मध्येच त्यांनी छाती चाचपली, सगळं जागच्या जागी आहे असं पाहिलं आणि हात खाली ठेवून पुन्हा हसायला लागले. "अगं, पुरे," ते म्हणाले, "अगं, पुन्हा कर."

मध्यंतरानंतर सिनेमा खरोखरच ढेपाळला. चारही नवरदेव पारावर बसून बालपणीच्या आठवणी सांगायला लागले. काही लोक उठून गेले. जाताना कोणीतरी "उगाच आलो," असंही मोठ्यानं म्हणालं. इंदुमतीबाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पुन्हा येऊन जागेवर बसला.

रत्नाकरराव दमले होते. त्यांची मान कलली आणि इंदुमतीबाईंच्या खांद्यावर टेकली. इंदुमतीबाईंनी सवयीनं त्यांच्या छातीवर तळवा ठेवून पाहिला. ठोका संथ होता. डुलकी लागली होती, आणि झोपेतही ओठांच्या कडा वर होत्या. पडद्यावर तेवढ्यात मांडवात भांडण जुंपलं. चार वरबाप एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि बँडवाल्यांनी ढोल बडवायला घेतला.

इंदुमतीबाईंनी पडद्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

सिनेमानं आवाज कमी केला. वरबाप कुजबुजत भांडू लागले, ढोलावर टिपऱ्या अलगद पडू लागल्या, आणि टॉकीजमधले बाकीचे लोक खुर्च्या न वाजवता पुढं सरकून, कान देऊन ऐकू लागले.