लग्नाआधी कोळसा

चित्रकार ब्रश रंगात बुडवतो आणि कॅनव्हासला लावतो, अशी माझी साधी समजूत होती. आमच्या शेजारचे तळवडेकर मास्तर ब्रश रंगात बुडवतात, हवेत धरतात आणि बायकोकडे बघत थांबतात. नलूवहिनी समोर पेटी घेऊन मुलींना गाणं शिकवत असतात. त्या मान वर करून ब्रशाकडे बघतात आणि पेटीवर षड्ज धरतात. मग मास्तरांचा हात चालतो. कधी मात्र षड्जाऐवजी तीव्र मध्यम वाजतो, कानात सुई गेल्यासारखा. मास्तर मुकाट ब्रश पुसतात आणि दुसऱ्या रंगात बुडवतात.

लालबागच्या चाळीतली एकच खोली. खिडकीकडे मास्तरांची चित्रं, दाराकडे वहिनींचा क्लास. मुली भूप गात असतात. भूपात मध्यम नसतोच, हे भिंतीपलीकडे राहून मलाही पाठ झालंय. तरी त्या क्लासच्या मुली परीक्षेत भूप गाताना मध्येच एक मध्यम टाकून येतात. परीक्षकाने विचारलं तर सांगतात, "आमच्या बाई असंच वाजवतात."

चाळीचं मत एकच, कलावंतांची नाटकं! मास्तरांचं उत्तरही ठरलेलं. "शेठ, लग्नाआधी मी नुसता कोळशाने काढायचो. रंग हिने आणला." वहिनी "पुरे हो" म्हणत पेटीचा भाता जोरात ओढायच्या. मला त्या वाक्याचा मनस्वी राग यायचा. कारण ते ऐकलं की माझी बायको लगेच विचारायची, "आणि मी काय आणलं, ते सांगा ना चारचौघांत."

मी मिरची विकणारा माणूस. बापाच्या गिरणीला टाळं लागलं तेव्हा फुटपाथवर गोणपाट टाकून बसलो, आज मसाल्याच्या बाजारात स्वतःचा गाळा आहे. भाव पाडून घेणं आणि स्वतःचा पाडू न देणं, या दोनच कला मला येतात. तर नव्या गाळ्याच्या उद्घाटनाला गल्ल्यामागे आपलं मोठं चित्र असावं, असं मला वाटलं. मास्तरांशी सौदा ठरला, चित्राच्या बदल्यात वर्षभराचा मसाला. ते हळदही मागत होते. मी हळद सौद्यातून काढून टाकली.

नेमक्या तेव्हाच वहिनी आजारी आईजवळ कुडाळला गेल्या. मास्तर म्हणाले, "शेठ, ही आल्यावर काढतो." मी भडकलो. "तोंड माझं, ब्रश तुमचा, यात वहिनींचं काय काम? मुहूर्त थांबणार नाय!"

मास्तर नाइलाजाने बसले. त्या दिवसांत ते मिरची घ्यायलाही एकटेच आले होते. एरवी वहिनी निवडतात. मास्तरांनी माझी बेडगी हातात धरली आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "शेठ, ही लालच आहे ना?"

माझ्या दुकानात! बेडगीला! मी म्हटलं, "नाय, निळी आहे. चला, निघा."

उद्घाटनाला पडदा ओढला. नाक माझं, मिशी माझी, डोळ्यांतला संशयसुद्धा माझाच. पण तोंड हिरवं. पालकासारखं हिरवंगार. समोरचा खोबरेवाला म्हणाला, "शेठ, मिरची पिकायची राहिली वाटतं." त्या दिवसापासून सगळा बाजार मला हिरवा शेठ म्हणतो.

मी चित्र उचललं, चाळीत नेलं आणि मास्तरांच्या दारात उभं केलं. "हळद दिली नाय म्हणून सूड घेतलात काय?"

मास्तरांनी चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "चेहरा तुमचाच आहे ना, शेठ?" एवढंच. वहिनी परत आल्यावर चित्र सुधारून मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी ते बघितलं, बराच वेळ बघत राहिल्या आणि पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या, दारातून कळलं नाही. चित्र हिरवं ते हिरवंच राहिलं. मी मास्तरांशी बोलणं टाकलं. मसाला मात्र पोचवत राहिलो, शब्द दिला होता.

मग एक दिवस काळा घोड्याच्या एका गॅलरीच्या बाई चाळीचे जिने चढून आल्या. मास्तर शाळेतून रिटायर झालेले, चित्रं पलंगाखाली, माळ्यावर, पेटीच्या मागे. आयुष्यात एक प्रदर्शन झालेलं नाही. बाईंनी सगळं बघितलं आणि हिरव्या शेठपुढे थांबल्या. म्हणाल्या, प्रदर्शन करू, पण हे चित्र मधोमध. आणि ज्याचा चेहरा आहे त्याची लेखी परवानगी हवी. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

म्हणजे हुकमाचं पान माझ्या हातात! असा सौदा आयुष्यात परत येत नाही. मी धुतलेला शर्ट घालून शेजारी गेलो. वहिनी भाजी आणायला खाली गेल्या होत्या.

"परवानगी देतो," मी म्हटलं, "पण आधी माझा माणसाचा रंग मला परत द्या. आत्ताच्या आत्ता."

"ही येऊ दे, शेठ."

"परत तेच! रंग तुम्ही लावणार की वहिनी?"

मास्तरांनी थाळीत रंग कालवले. जपून, भीत भीत, अंधारात जिना उतरावा तसे. मग ब्रश वर धरला. त्यावर कोथिंबिरीच्या चटणीसारखा हिरवा गोळा होता. माझ्या गालाजवळ नेऊन त्यांनी विचारलं, "शेठ, हा तुमचाच ना?"

आवाज तोच होता. ही लालच आहे ना, विचारणारा.

तेवढ्यात वहिनी दारात आल्या. पिशवी अजून हातातच होती, चपला पायातच. ब्रशाकडे नजर गेली आणि त्यांच्या तोंडून आपसूक सूर निघाला. तीव्र मध्यम.

मास्तरांनी ब्रश पुसला.

मी वहिनींकडे बघितलं. त्यांना कळलं की मला कळलं. "जन्मापासून आहे," त्या हळूच म्हणाल्या. "ट्यूबवर नाव असतं, पण थाळीत कालवलं की हिरवं कुठलं आणि तपकिरी कुठलं, दिसत नाही ह्यांना. शाळेत चित्रकला शिकवायचे. कळलं असतं तर कोणी ठेवलं असतं?"

मी मिरच्यांत जन्म काढलेला माणूस. लाल दिसत नाही म्हणजे काय, याचा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. पण सौदा सौदा असतो. मी म्हटलं, "परवानगी देतो. हिरवाच टांगा. पण दोन अटी. पाटीवर नावं दोघांची. आणि उद्घाटनाला क्लासच्या मुली गाणार."

"माझं नाव कशाला?" वहिनी म्हणाल्या. "मी कधी ब्रशला हातसुद्धा लावला नाही."

"वहिनी, घासाघीस नको. एकच भाव."

काळा घोड्याला त्या संध्याकाळी अर्धं लालबाग लोटलं. खोबरेवाला कोट घालून आला होता. मुली भूप गायल्या, मध्यमासकट, आणि कोणाला काही चुकलंय असं वाटलं नाही. एका पेपरवाल्या पोरीने विचारलं, "सर, हा माणूस हिरवा का?"

मास्तरांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी होकारार्थी मान हलवली.

"मला हिरवं आणि तांबडं वेगळं दिसत नाही," मास्तर मोठ्याने म्हणाले. "बाकी सगळी चित्रं आम्ही दोघांनी काढलीत. हे मी एकट्याने काढलं. ते मुद्दाम तसंच ठेवलं. ही घरात नसली की माणसं कशी होतात, ते हिला दिसावं म्हणून."

पहिली टाळी खोबरेवाल्याने वाजवली. मग छत उडेल असं वाटलं.

पुढचं काम माझं होतं. मास्तर पहिल्याच गिऱ्हाइकाला चित्र फुकट द्यायला निघाले होते. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभा राहिलो. गोऱ्यागोमट्या, इंग्रजी बोलणाऱ्या लोकांचे भाव मी असे चढवले की गॅलरीच्या बाई वही बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. भिंती रिकाम्या झाल्या. हिरव्या शेठलाही मागणी आली, पण तो विकायचा नव्हता. तो आता वहिनींच्या पेटीमागच्या भिंतीवर टांगलाय. चुकलेल्या मुलीला वहिनी दम देतात, "शेठ बघताहेत हं." हळद मात्र मी अजून दिलेली नाही. सौदा तो सौदा.

गेल्या आठवड्यात वहिनी परत कुडाळला गेल्या. संध्याकाळी मी सहज मास्तरांकडे डोकावलो. नव्या रंगांचा अख्खा डबा बंदच होता. मास्तर खिडकीत बसून कोळशाने पेटी काढत होते. रिकामी पेटी, मागे कोणी नाही.

"रंग उघडा की," मी म्हटलं. "मी आहे ना. डावीकडचा लाल, त्याच्या शेजारचा हिरवा. माझी नजर चुकत नाय."

मास्तर हसले. बोटाने कोळशाची रेघ पसरवत म्हणाले, "राहू दे, शेठ. परवा येतेय ती."