मार्थामावशीची चौपट भरपाई

आमच्या गल्लीत मार्थामावशीच्या शेळीनं तुमची जास्वंद खाल्ली, तर बिलकूल वाईट वाटून घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी चार जास्वंदी घेऊन दारात हजर असते. एकीच्या बदल्यात चार. नको म्हणालात तर स्वतःच खड्डा खणायला बसते.

निलंग्यात गल्ल्या पुष्कळ आहेत, पण इतकी हिरवीगार गल्ली आमचीच, हे मी छातीठोकपणे सांगतो. पाव्हणे विचारतात, "कुठल्या योजनेतली झाडं?" मी सांगतो, "शेळीच्या पापातली."

शेळीचं नाव ईजबेल. बायबलातल्या एका दुष्ट राणीचं नाव आहे म्हणे. मावशी रिटायर नर्स, रविवारी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून चर्चला जाणारी. कुणी भांडायला आलं, की त्यालाच खाटेवर बसवून चहा पाजते आणि जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट ऐकवते. "लोकायला लई लुबाडलं त्यानं. पण येशू घरी आला अन् गडी उठून म्हणाला, ज्याचं घेतलं त्याला चौपट देतो! नुसती माफी मागून भागत न्हाई, बाबा. पेरलंय ते उगवतंच. चौपट भरायचं!"

शिंदेकाकूंनी तर एकदा आपल्या वाळक्या कढीपत्त्याकडे शेळी स्वतःच हाकलली, असं गल्लीत बोलतात. काकू नाही म्हणतात. पण आज त्यांच्या दारात कढीपत्त्याची रांग आहे.

आता कुणीही विचारेल, पापाचं एवढं कळतं तर फाटकाला कडी का नाही? ईजबेल दावं तर चावून तोडते. सगळी गल्ली सांगून थकली. मावशीचं उत्तर ठरलेलं, "कडी न्हाई लावायची." बाई एकटी राहते, मुलगी रूथ लातूरला, तीही कधी येताना दिसत नाही. उद्या चोर शिरला तर? शेवटी मीच बाजारातून नवी कडी आणली आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो.

मावशीनं माझा हात धरला. "ठेव ते, बाळू."

"अगं पण चोर शिरला म्हंजे?"

"शिरू दे. रूथनं आपल्या मनानं लग्न केलं अन् नवऱ्याला घेऊन भेटायला आली, तवा मी ह्याच फाटकाला आतून कडी लावली. लई येळ उभी होती पोरगी. मंग मीच कडी उपटून फेकली, पण तवर ती गेली होती." तिनं फाटकावरून हात फिरवला. "झाडाचं चौपट देता येतं रे. लावलेल्या दाराचं कसं द्यावं? म्हणून उघडं ठेवून राहिले. आली, तर हाक मारायची पाळी नको तिच्यावर."

आपली चूक अशी सताड उघडी ठेवून तिच्यासमोर रोज बसणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. ते आमच्या गल्लीत राहतं, याचा मला अभिमान आहे. कडी खिशात घालून परत आलो, तर ईजबेल माझा मोगरा खात होती. मी काठी उचलली नाही.

आता गल्लीत कडीचं नाव कुणी काढत नाही. संध्याकाळी लातूरची एसटी यायच्या वेळेला मावशी फाटकापाशी येते, आणि आम्हीही आपापल्या दारात उभे राहतो. शिंदेकाकूसुद्धा. शेळीवर लक्ष ठेवतोय, असं मावशीला सांगतो.