निवृत्तीरावांची बुजवलेली विहीर

उमापूरच्या शिवारात पाणीपुरवठा सोसायटीची विहीर चांगली पाच पुरुष खोल गेली, आणि पाण्याऐवजी चमक लागली. काळ्या दगडात काळेच खडे, पण उन्हात धरले की लखलखणारे. विहीर सोसायटीचे चेअरमन निवृत्तीराव यांच्याच रानात. त्यांच्या काळजाचं पाणी झालं. त्या दुष्काळात गावात तेवढंच पाणी होतं.

"चेअरमन, हे खनिज हाय," सोसायटीचा सचिव राधाकिशन म्हणाला. तहसीलच्या बाकावर बसून बसून त्याला कायद्याची हवा लागली होती. "जमिनीखालचं खनिज सरकारचं. उद्या तारेचं कुंपण घालतेन, अन् आपुन बसू बघत."

"मग करावं काय बे?"

"बुजवायची."

ज्या सभासदांनी उन्हाळाभर घाम गाळून विहीर खोदली, त्यांनीच ती घाईघाईनं बुजवली आणि वर बाभळीचे काटे पसरले. निवृत्तीरावांनी जरा कुठं श्वास सोडला, तोच जीप आली. भूजल खात्याचे साहेब! आणखी किती खोदावं लागेल ते सांगायला सोसायटीनंच त्यांना बोलावलं होतं आणि गडबडीत सगळेच विसरले होते.

"विहीर कुठे आहे?"

"हितंच होती," राधाकिशन बोलून गेला.

साहेब चक्रावले. तेवढ्यात त्यांची नजर रानातल्या आखाड्याकडे, म्हणजे शेतावरच्या खोपीकडे, गेली. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून निवृत्तीरावांच्या बायकोनं, तुळजाबाईनं, तसलाच एक दगड दाराला लावला होता. साहेबांनी तो उचलून भिंगाखाली धरला. निवृत्तीरावांनी हात जोडले.

"साहेब, चुकलं. पर विहीर घिऊ नका. गावाला प्यायला पाणी न्हाई हो."

"विहीर कशाला घेऊ? हे ऑजाइट. चकाकीला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडच्या काळ्या दगडात असतंच. तुमचे खडे जरा मोठे, एवढंच."

"अन् किंमत?"

"काही नाही."

"कायबी न्हाई?"

"खडी करा."

निवृत्तीरावांचे डोळे भरून आले. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. आपल्या रानात मोलाचं काही निघालं नाही म्हणून गूळ वाटणारा असा माणूस तालुक्यानं पहिल्यांदाच पाहिला. सभासद शिव्या घालत का होईना, चेअरमन-सचिवांच्याही हातात फावडी देऊन पुन्हा विहीर उकरायला लागले.

तळाचे दगड वर यायला लागले, तशी तुळजाबाई ओरडली, "अवो, हे तर वले हायेत!"

खाली झरा फुटला होता. सगळे नाचायला लागले. निवृत्तीरावांनी मात्र राधाकिशनला हळूच बाजूला ओढलं.

"का बे, पाणीबी जमिनीखालचंच की. ते तर सरकारचं न्हाई ना?"

राधाकिशन गंभीर झाला. त्यानं तोंड उघडायच्या आत तुळजाबाईनं दोघांच्या हातातली फावडी काढून घेतली.